हडपसर: अक्षरं पाच, ठोके तीन

तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय, या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर: ‘मराठी जशी लिहितात तशीच बोलतात. म्हणून गावाच्या नावात जितकी अक्षरं, तितकेच सिलॅबल. पुणे दोन, कोथरूड चार, हडपसर पाच. इंग्रजीसारखा स्पेलिंगचा घोळ नाही. संस्कृतापासून हजारो वर्षं हाच नियम.’ खाली अंगठ्यांची रांग.

पुणे दोन, हे बरोबर. गाडी पुढे घसरते.

हनुवटीखाली तळहात धरा आणि ‘हडपसर’ म्हणा. नेहमीसारखं, पहिलीच्या मुलाला शिकवल्यासारखं नको. हनुवटी तीनदाच हाताला टेकते: ह-डप्-सर्. एक टेकणं म्हणजे एक ठोका, म्हणजेच सिलॅबल. पाचदा टेकवायची तर ‘प’ आणि ‘र’मधला अ ओढूनताणून काढावा लागेल, आणि तसं म्हणून स्वारगेटला रिक्षा विचारलीत तर परगावचे समजून भाडं सांगतील. स्वारगेट स्वतः दोन ठोक्यांचं, कोथरूडही दोनचं. कागदावर प्रत्येक सुट्या व्यंजनाच्या पोटात अ असतो, तोंडात तो पुष्कळदा गळतो. त्यात ‘अक्षर’ हा शब्द आपण लिहिलेल्या खुणेलाही वापरतो आणि उच्चाराच्या ठोक्यालाही. फॉरवर्डवाला नेमका तिथे फसलाय.

लिहितो तसं बोलतो म्हणाल, तर आपलं शुद्धलेखनच ते मानत नाही. ‘कोथरूड’मध्ये रू दीर्घ, ‘कोथरुडात’मध्ये ह्रस्व. का? शेवटचा अ मुका झाला की त्याचं वजन आधीच्या स्वरावर पडतं, म्हणून. ‘डा’ आला की ते उतरतं.

यावर एका काकांची तत्काळ दुरुस्ती आली: ‘मग शेवटचं अक्षर सोडून मोजा.’ नाही हो काका. तसं केलं तरी हडपसर चार होतं. आणि खडकीचं काय करणार? शेवटी ‘की’ आहे, सोडायला काही नाही, तरी ठोके दोन: खड्-की. ‘खडक’ म्हणताना ‘ड’मधला अ शाबूत असतो, ख-डक्. मागे ई लागली की तोच अ जातो. खडकवासल्यात परत येतो: ख-डक्-वास्-ला, सहा अक्षरांचे चार ठोके. एकच खडक, पण खडकवासल्याच्या धरणावर गेला की वेगळा आणि खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याजवळ वेगळा. पेठांचंही तेच. बुधवार दोन ठोक्यांत संपतो, शुक्रवारला तीन लागतात, कारण ‘क्र’मधला अ गाळला तर जीभ अडखळते.

इंग्रजीचा घोळ म्हणे. या बाबतीत इंग्रजी पाटी आपल्या पाटीपेक्षा प्रामाणिक आहे. हडपसरच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ तीनच आहेत, मोजा. पिंपरीत दुसऱ्या ‘पी’नंतर थेट ‘आर’ येतो, कारण आपण पिंप्-री म्हणतो.

राहिलं संस्कृत. राष्ट्रकूटांच्या 768 सालच्या ताम्रपटात पुण्याच्या परिसराचं नाव ‘पुनक विषय’ असं आहे (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा). संस्कृतात पु-न-क, पुरते तीन. आजच्या मराठीत तो शब्द असता तर आपण ‘जनक’सारखा दोनात उरकला असता. म्हणजे संस्कृतात तो अ होता. मराठी बोलण्यात गळला.

अर्थात हा नियम अगदीच हवेतून आलेला नाही. ‘मोठा अभंग’ या छंदाच्या चरणांत 6-6-6-4 अक्षरं मोजतात तेव्हा मुका अही धरतात, आणि गाताना तो खरोखर उच्चारतातही. तिथे हडपसर पाचच. कीर्तनात म्हणा खुशाल.

औंधचं मात्र मी शपथेवर सांगणार नाही. न् आणि ध् जोडून आले की मागे अचा बारीकसा झोका उरतो. आमच्या घरी माझी हनुवटी एकदा हलते, आईची दीडदा.