‘वाचलंत म्हणून ऐकू येतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पेटीच्या (हार्मोनियमच्या) गंधारावरच्या, म्हणजे ‘ग’ या स्वरावरच्या, माझ्या गेल्या लेखावर ‘एक जुना श्रोता’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर तिथल्या चौकटीत मावेना, म्हणून इथे देतो.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार आणि पेटीच्या पट्टीतून निघणारा गंधार यांत सुमारे 14 सेंटचं अंतर असतं आणि विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालात ते कोणत्याही श्रोत्याला जाणवतं, असं मी लिहिलं होतं. (सप्तकाचे 1200 सेंट धरतात, त्यातले 14.) त्यावर आपण लिहिता : ‘चौदा सेंट सामान्य माणसाला ऐकूच येत नाहीत, तुम्हाला येतात, कारण तुम्ही ते आधी वाचलंय.’ पुढे जयरझभॉय आणि स्टोन या संशोधकांची हिंदुस्थानी संगीतातल्या स्वरांची 1963 सालची मापनं, संगीतशास्त्रकार भातखंडे, 22 श्रुती (सप्तकाचे बावीस सूक्ष्म भाग), की-बोर्डवर वाढलेली पिढी, मग ‘शुद्धतेचं सोवळं’, ‘लेखक महाशय’ आणि शेवटी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणाऱ्या इमोजींची रांग.

मतभेदाला माझी ना नाही. पण टोपणनावाच्या आडून समोरच्याला ढोंगी ठरवायचं आणि वर हसायचं, याला निदान आमच्याकडे तरी चर्चा म्हणत नाहीत. ‘वाचलंय म्हणून ऐकू येतं’ याचा अर्थ, मी एक तर भोळा आहे नाही तर थापा मारतो. दोन्हीपैकी एक निवडण्याची सवलत दिलीत, आभारी आहे.

एक मान्य करतो. ‘कोणत्याही श्रोत्याला’ हे शब्द मी जरा सैल हाताने लिहिले. तिथे आता ‘बहुतेक’ केलं आहे. झालं समाधान?

आता त्या वाक्याकडे येतो. दोन स्वर एकामागून एक वाजवले आणि ‘यातला चढा कोणता?’ असं विचारलं, तर चौदा सेंटवर पुष्कळ लोक चुकतील. आपण जे वाचलं असेल ते याच प्रकारच्या चाचणीबद्दल असणार. पण मैफलीत असं कोण ऐकतं? तिथे मागे तंबोरा अखंड चालू असतो आणि त्याच वेळी, त्याच्यावरच, पेटीचा गंधार येऊन पडतो. दोन नाद एकत्र वाजू लागले की कान उंची मोजत बसत नाही. त्या दोघांच्या घर्षणातून जो ठोका निघतो, तो त्याला ऐकू येतो.

तो ठोका काढूनच दाखवतो, कारण आपल्याला आकड्यांचं प्रेम दिसतं. पुरुष गायकाची काळी एक ही पट्टी घ्या, म्हणजे त्याचा ‘सा’ पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. षड्ज (सा) 138.6 हर्ट्झ. तंबोऱ्याच्या खर्जातल्या आणि जोडीच्या (षड्जाच्या) तारांतून जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे, जो स्वयंभू गंधार वर येतो, त्याचं मूळ षड्जाच्या पाचपटीत आहे : या पट्टीत 693. पेटीचा गंधार 174.6 चा, त्याची चौपट 698.5. वजाबाकी साडेपाच. म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच वेळा आवाज फुगतो आणि बसतो, पंख्याचं पातं कुठेतरी घासत असावं तसा. हेच गणित पंचमाचं (‘प’चं) करून बघा. तिथे अंतर जेमतेम दोन सेंट, दोन सेकंदांत कसाबसा एक ठोका. म्हणून पेटीचा पंचम कोणाला खुपत नाही आणि गंधार खुपतो. यात सोवळं कुठे आलं? सोवळंच पाळायचं असतं तर पंचमही बाटला असता.

अर्थात त्यासाठी स्वर ठरावा लागतो. द्रुत तानेत गंधार येतो आणि जातो, ठोक्याला उमटायला जागाच मिळत नाही. तिथे मलाही काही कळत नाही. मी ‘विलंबितात’ असं लिहिलं होतं. तो शब्द आपण वाचलेला दिसत नाही.

आता ‘आधी वाचलंय’बद्दल. सेंट हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मी पेटी शिकत होतो. माझे गुरुजी विलंबित चालू असताना गंधारावर बोट ठेवून थांबू देत नसत. थांबलो की गुडघ्यावर चापट बसायची. ‘गंधार गवयाचा. तू षड्ज धर आणि गप्प बस.’ त्यांनी यावरचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. हिशेब ते भजनी मंडळाच्या वर्गणीचा तेवढा ठेवत. आणि माझी आत्या, जिला भूप आणि यमन यांतला फरक आयुष्यभर कळला नाही, ती मी रियाजाला बसलो की स्वयंपाकघरातून विचारायची, ‘भात्यात काही अडकलंय का रे?’ ती विचारायची तेव्हा माझं बोट नेमकं कुठे असायचं, हे सांगायला हवं का? या दोघांनी काय वाचलं होतं, ते आपणच कळवा.

आणखी एक. एका षड्जाला गंधार जुळवून घेतलेल्या पेट्या आज कितीतरी साथीदार बाळगतात. रीड (स्वर काढणारी धातूची पात) मुळाशी हलकेच घासली की स्वर उतरतो. कारागीर ते काम फार जपून करतो, कारण जास्त घासली गेली तर रीड वायाच जाते. अशी पेटी त्या एकाच पट्टीची होऊन बसते. गवयाने अर्धा स्वर चढवला की तीच पेटी आधीपेक्षा वाईट बोलते. ऐकूच न येणाऱ्या फरकासाठी पदरचे पैसे घालून ही अडचण कोण विकत घेईल?

राहिले बाकीचे मुद्दे. गायक स्वतःच गंधार वरखाली लावतात, हे मापनांत दिसलं आहे, ठाऊक आहे. पण तो गाणाऱ्याच्या गळ्याचा प्रश्न झाला, मी ऐकणाऱ्याच्या कानाबद्दल लिहिलं होतं. 22 श्रुतींवरून सांगलीचे देवल आणि क्लेमंट्स हे श्रुतींचे अभ्यासक आणि भातखंडे शंभर वर्षांपूर्वीच भांडून मोकळे झाले. त्या भांडणात मला ओढू नका, माझ्या लेखात श्रुती हा शब्दच नव्हता. नभोवाणीने 1940 साली पेटीवर घातलेल्या बंदीचा मी समर्थक आहे, हा शोध आपण कुठून लावलात ते कळलं नाही. मी पेटीवाला आहे हो! आणि की-बोर्डवर वाढलेल्या पिढीला टेम्पर्ड (सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेला, पेटीचाच) गंधार गोड लागतो म्हणता, तर लागो. सवयीने कारल्याची भाजीही गोड लागते. ठोके त्यामुळे थांबत नाहीत.

‘एकदा तरी पूर्ण मैफल बसून ऐका’ हा सल्ला मात्र मी परत करतो. तो आपल्याला जास्त उपयोगी पडेल.

यापुढे टोपणनावाने आलेल्या प्रतिक्रिया इथे दिसणार नाहीत. ही सोय आधीच करायची होती, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.