‘470 च्या जागी 1000 टाका, मशीन दणकून चालेल’: हे का खोटं आहे

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्याचा सारांश असा: ‘इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनचा कपॅसिटर गेला तर 470 मायक्रोफॅरडच्या जागी 1000 टाका, ताकद वाढते. व्होल्ट 400 च्या वर कितीही चालतात. जो फुगलाय तेवढाच बदला. कंपनी बघू नका, आकडा जुळला की झालं. अगदीच अडलं तर पंपाचा कंडेन्सर लावून काम भागवा.’ पाचपैकी एकच गोष्ट बरोबर आहे, तीही अर्धी.

‘1000 टाकलं की ताकद वाढते.’ आर्क 200 प्रकारच्या सिंगल फेज मशीनमध्ये बहुधा 470 मायक्रोफॅरड, 400 व्होल्टचे तीन-चार कपॅसिटर पॅरललमध्ये असतात. करंट किती द्यायचा ते कंट्रोल कार्ड ठरवतं, कपॅसिटर नव्हे. कपॅसिटरचं काम वीज साठवून मेन्सच्या दोन शिखरांमधला खड्डा भरून काढण्याचं. 160 अँपिअरवर मशीन मेन्समधून सुमारे 5 किलोवॉट ओढतं असं धरून हिशेब करा. चार चांगले कपॅसिटर (एकूण 1880) असतील तर डीसी बस (कपॅसिटरवरचं डीसी व्होल्टेज) दर 10 मिलिसेकंदांनी 325 वरून साधारण 250 व्होल्टपर्यंत उतरते. तेच कपॅसिटर सुकून निम्म्यावर आले की बस 180 पर्यंत खाली जाते. मग आर्क तुटतो आणि रॉड चिकटतो. अशा मशीनमध्ये 1000 चे टाकले की ते सुधारतं, आणि श्रेय 1000 ला मिळतं. नवे 470 टाकले असते तरी कारागिराला तोच फरक जाणवला असता.

1000 च्या चार नगांवर बस 290 च्या आसपास राहते हे खरं. पण कार्ड तेवढी पल्स अरुंद करतं (स्विच चालू राहण्याचा वेळ घटवतं), रॉडला जास्तीचं काही मिळत नाही. भार मात्र दुसरीकडे पडतो. चार्जिंगचे झटके अरुंद आणि उंच होतात, ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) आणि पिन-सॉकेट जास्त तापतात. शिवाय स्विच टाकताना सॉफ्ट स्टार्टच्या (सुरुवातीचा झटका रोखणाऱ्या) रेझिस्टरला सोसावी लागणारी ऊर्जा सुमारे 100 जूलवरून 210 वर जाते. 47 ओहमचा रेझिस्टर असेल तर 1880 ला 88 मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर किती वेळात भरतो त्याचं माप) 4000 ला 188 होतो. नंतर त्या रेझिस्टरला वळसा देणाऱ्या रिलेचा वेळ मूळच्या मायक्रोफॅरडला धरून ठरवलेला असतो. कपॅसिटर अर्धवट भरलेले असताना रिले बसला की त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात किंवा ब्रिज जातो. 470 च्या जागी 560 चालेल. त्यापुढे जायचं कारण नाही.

‘400 च्या वर कितीही.’ बरोबर असलेला मुद्दा हाच. 230 व्होल्टचं शिखर 325, पण 260 झाले की 368 आणि 275 ला 389. रात्री फीडरवरचा लोड उतरला की ज्या गावात व्होल्टेज चढतं, तिथे 450 व्होल्टचाच घ्या. उंची आणि व्यास मात्र मोजा: 35 मिमी जाडीच्या, 50 मिमी उंचीच्या जागी 60 चा घेतला तर कव्हर बसत नाही. आणि दोन फेजवर जोडलेल्या मशीनला 450 सुद्धा वाचवत नाही, तिथे शिखर 587 आहे. थ्री फेज मशीनमध्ये म्हणूनच दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतात.

‘फुगलेलाच बदला.’ सुकलेला कपॅसिटर फुगतोच असं नाही. बोर्डवर मोजून उपयोग नाही, सगळे पॅरललमध्ये असतात. काढून एकेक मोजा: 470 ला 20 टक्के कमी-जास्त धरलं तर 376 च्या खालचा बाद. एकच नवा टाकला तर स्विचिंगच्या वारंवारतेचा करंट सगळ्यात कमी ईएसआर (आतला रोध) असलेल्या त्या नव्याकडेच धावतो आणि तोच आधी तापतो. म्हणून पूर्ण संच बदला, एकाच कंपनीचा, एकाच बॅचचा.

‘आकडा जुळला की झालं.’ कपॅसिटरच्या डब्यावर मायक्रोफॅरड आणि व्होल्ट छापलेले असतात. मशीन ज्यावर जगतं तो रिपल करंट (कपॅसिटरमध्ये सतत आत-बाहेर होणारा करंट किती सोसेल तो आकडा) बहुतेक वेळा डेटाशीटमध्येच मिळतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, दुकानदाराला 105 डिग्रीचा आणि जास्त रिपल करंटचा मागा. तापमान 10 डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, म्हणून 105 डिग्रीला 2000 तासांचा कपॅसिटर 85 डिग्रीला 8000 तासांच्या आसपास टिकतो. 85 डिग्रीवाल्याचे 2000 तास तिथेच संपतात. जुन्या कपॅसिटरला नवं प्लास्टिक चढवून विकणारेही आहेत. शेजारच्यापेक्षा हलका लागला, पायांवर जुनं कथील दिसलं, तर परत करा.

‘पंपाचा कंडेन्सर.’ तो 36 किंवा 50 मायक्रोफॅरडचा एसी कपॅसिटर. लागतात 1880. बिनलोड पंखा फिरेल, दिवा लागेल, व्हिडिओही छान येईल. रॉड टेकवला की बस दर अर्ध्या सायकलला कोसळते आणि आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे स्विच) धोक्यात येतात.

बदलताना मेन्सची पिन काढा आणि 2.2 किलोओहम, 10 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने बसवर 30 सेकंद धरा. मग मीटरने 5 व्होल्टच्या खाली आलंय ना ते पाहा. पेचकसाने शॉर्ट करू नका, टोक वितळतं आणि ट्रॅक उडतो. पट्टीची बाजू मायनस. ब्रिज, आयजीबीटी आणि सॉफ्ट स्टार्टचा रेझिस्टर तपासल्याशिवाय नवे कपॅसिटर लावू नका, नाहीतर तेही जातील. पहिला स्टार्ट 100 वॉटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमधून द्या, एलईडी चालणार नाही. बल्ब पेटून मंद झाला पाहिजे. तेज राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. सगळं ठीक असेल तर थेट लाईनवर दहा गेजचा एक पूर्ण रॉड जाळा, पिन काढून बस पुन्हा रिकामी करा आणि डब्यांच्या टोप्यांना बोट लावून पाहा. इतरांपेक्षा गरम लागणारा डबा आधी बाजूला काढा.