सुईच्या नाकाचा दरवाजा

‘श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं,’ असं येशू बायबलमध्ये म्हणतो. यरुशलेमच्या तटाला ‘सुईचे नाक’ नावाचा बुटका दरवाजा होता, ओझं उतरवून गुडघे टेकले की उंट आत शिरायचा, म्हणजे श्रीमंताने थोडी नम्रता दाखवली की झालं, असं त्यावरच्या एका लेखात म्हटलंय. हे अजिबात पटलं नाही. येशूच्या काळी असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही, ही गोष्ट मध्ययुगातल्या टीकाकारांपासून चालत आलीय. हे वचन जिथे आहे, त्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातच पुढे बघा. शिष्य थक्क होऊन म्हणतात, मग तारण, म्हणजे उद्धार, कुणाचा होणार? दरवाजा नुसता बुटका असता तर एवढं हादरायचं कारण काय? येशूही त्यांना ‘वाका’ म्हणत नाही. माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही, असं सांगतो. लेखातल्या अर्थाने हे उत्तरच निरर्थक ठरतं, कारण गुडघे टेकणं कुणालाही जमतं.

हे मनाला लागतं, कारण धन म्हणजे देवाची पसंती, हे आमच्या चर्चच्या मंडळीतही सर्रास ऐकू येतं. कांद्याचा भाव कोसळला त्या वर्षी दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चला देता आला नाही म्हणून एक शेतकरीदादा कित्येक रविवार मागच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वादाची प्रार्थना संपायच्या आत उठून जायचे. आपलाच विश्वास कमी पडला, असं त्यांना खरंच वाटत होतं. आणि श्रीमंताला आशा द्यायचीच होती, तर लूकच्या शुभवर्तमानातला (अध्याय 19) श्रीमंत जकातदार जक्कय आहे की! येशू आधी त्याच्या घरी उतरला, मग त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेलं चौपट परत करायला तयार झाला. लेखात त्याचं नावसुद्धा नाही.