‘सीटाइप्स असताना बाकी कशाला?’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पायथनमधून सी लायब्ररी कॉल करायची म्हटलं की हमखास एक सल्ला पुढे येतो: ‘सीटाइप्स पायथनसोबतच येतं. कंपायलर लागत नाही, वेग सीचाच मिळतो, कुठलीही लायब्ररी चालते. सीएफएफआय, सायथन, पायबाइंड११ हा सगळा फुकटचा व्याप.’ (सीटाइप्स म्हणजे पायथनमधून सीची फंक्शन्स कॉल करायचं मॉड्यूल; बाकीची तिन्ही पायथनला सी किंवा सी++ शी जोडणारी वेगळी टूल्स.) नवशिके यावर विसंबतात आणि नंतर क्रॅश शोधत बसतात, म्हणून तो नीट तपासायला हवा.

‘सोबतच येतं’ हे खरं. २००६ च्या पायथन २.५ पासून येतं. पण सीटाइप्स हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीतली फंक्शन्स काय घेतात आणि काय देतात हे सांगणारी सी फाइल, वाचतच नाही. फंक्शन काय परत करतं हे तुम्ही सांगितलं नाही, तर ते इंट, म्हणजे साधा पूर्णांक, धरून चालतं. ६४ बिटी लिनक्सवर लिबसी या सीच्या मूळ लायब्ररीतलं गेटएन्व्ह कॉल करून पाहा. ते स्ट्रिंगचा आठ बाइटचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देतं. रेसटाइप, म्हणजे परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार, दिला नसेल तर त्यातले खालचे चार बाइट तेवढे हाती येतात, कधी चक्क उणे आकडा दिसतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. तो आकडा पत्ता समजून स्ट्रिंग वाचायला गेलात की सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्रॅम बंद पडतो, आणि पायथनचा नेहमीचा ट्रेसबॅकही नाही. स्ट्रक्ट, म्हणजे अनेक फील्ड एकत्र ठेवणारा सीचा प्रकार, त्याचंही तेच. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत मधेच एक फील्ड वाढलं की तुम्ही हाताने लिहिलेली व्याख्या चुकीची ठरते, आणि ते कळायला मार्ग नसतो. सीएफएफआयच्या एपीआय मोडमध्ये तुमची डिक्लरेशन्स खऱ्या हेडरसोबत कंपाइल होतात, त्यामुळे अशा बऱ्याच चुका बिल्ड करतानाच सापडतात. माझ्या मते टूलची निवड इथेच ठरते: इंटरफेस कोण तपासणार, कंपायलर की तुम्ही?

‘कंपायलर लागत नाही’ हे लायब्ररी सिस्टिमवर आधीच असेल तरच. सी कोड तुमचा असेल तर प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी कुणीतरी तो बिल्ड करायलाच हवा. वापरणाऱ्याचं म्हणाल, तर एक्सएमएल हाताळणारं एलएक्सएमएल सायथनमध्ये लिहिलेलं आहे, तरी पिपने व्हील, म्हणजे आधीच बिल्ड केलेलं पॅकेज, उतरतं.

वेगाचं म्हणाल, तर फंक्शन आत गेल्यावर सीच्याच वेगाने चालतं. पण प्रत्येक कॉलला आर्ग्युमेंट्स बदलून देण्याचा खर्च असतो, आणि सीटाइप्समध्ये तो बराच असतो. दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन पायथनच्या लूपमधून दहा लाख वेळा कॉल केलंत, तर साधी पायथनची बेरीज आधी संपते. अख्खा अ‍ॅरे एकदाच सीकडे द्या, किंवा लूपच सायथनमध्ये न्या.

आणि ‘कुठलीही लायब्ररी’? सी++ मध्ये फंक्शनची नावं कंपायलर बदलतो; क्लास, टेम्प्लेट, एक्सेप्शन यांतलं सीटाइप्सला काहीच कळत नाही. त्यामुळे सीटाइप्ससाठी आधी एक्स्टर्न सीचं, म्हणजे नावं न बदलणाऱ्या साध्या सी फंक्शन्सचं, वेष्टन लागतं. वेष्टन हाताने लिहायचंच असेल, तर पायबाइंड११ घ्या. त्यात सी++ चं आउट ऑफ रेंज एक्सेप्शन पायथनमध्ये आपोआप इंडेक्सएरर होऊन येतं.

एखाद्या स्थिर सी लायब्ररीतली दोन-चार फंक्शन्स, विंडोजच्या कर्नल३२ मधला एखादा कॉल, एवढंच काम असेल तर सीटाइप्स जरूर वापरा. मात्र प्रत्येक फंक्शनला आर्गटाइप्स (आर्ग्युमेंट्सचे प्रकार) आणि रेसटाइप द्या. सीला दिलेल्या कॉलबॅकचा (सीने नंतर उलट कॉल करायच्या पायथन फंक्शनचा) रेफरन्सही पायथनच्या बाजूला धरून ठेवा, नाहीतर गार्बेज कलेक्शनमध्ये तो जातो आणि सी मोकळ्या झालेल्या मेमरीवर उडी मारतं.