अँटिव्हायरस होताच की!

मेलमधून येणाऱ्या व्हायरसपासून कसं वाचायचं यावरच्या तुमच्या लेखात सगळा भर अँटिव्हायरस अपडेट ठेवण्यावर दिलाय. आमच्याकडे तो होता, तरी फसलो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या एका अडतीवर मी हिशेब बघतो. मार्चअखेरची घाई, त्यात नेहमीच्या व्यापाऱ्याचा मेल: 'बिल तपासून कळवा.' सोबत झिप फाईल (फाईलींचं बांधलेलं गाठोडंच), तिला पासवर्ड, आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. मला उलट वाटलं, काय काळजी घेतो माणूस! उघडली, आणि व्हायरस आत. नंतर कळलं, कुलूपबंद झिपमध्ये अँटिव्हायरसला सहसा डोकावता येत नाही, म्हणूनच ते कुलूप. पत्ताही खोटा नव्हता. त्या व्यापाऱ्याचंच मेल खातं कुणीतरी हॅक केलेलं.

कॉम्प्युटर वापरता येईना, म्हणून दोन दिवस शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या हातानं लिहिल्या. बॅकअप वाचला, पण तोही हुशारीनं नाही; पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावायचाच विसरलो होतो म्हणून.

२००० साली 'आय लव्ह यू' व्हायरस पसरला तेव्हा फाईल टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, दिसायची. खरं एक्स्टेंशन, म्हणजे नावाचं शेवटचं शेपूट, होतं व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम; ते विंडोज लपवायची. ते लपवणं आजही तसंच चालू असतं, बदलायचं तर सेटिंगमध्ये जावं लागतं. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस (वर्ड, एक्सेल) फाईलींतले मॅक्रो, म्हणजे आत दडलेले छोटे प्रोग्राम, आपोआप अडवायला सुरुवात केली, तर चोरटे शॉर्टकट फाईलींकडे वळले, म्हणजे क्लिक केलं की दुसरंच काही सुरू करणाऱ्या. यावर लेखात ओळसुद्धा नाही.

आमचे शेठ आता बिलाचा मेल आला की आधी फोन लावायला लावतात. समोरचे वैतागतात. वैतागू देत.