आचेची प्रत्येक लांब तलवार ‘क्लेवांग’ नसते

सुमात्राच्या उत्तर टोकाला असलेल्या आचे प्रांतातल्या जुन्या हत्यारांचे फोटो फिरू लागले की सोबत एक ठरलेला मजकूरही फिरतो. त्याचा सारांश असा: आचेकडे हत्यारे दोनच, आखूड ते रेन्चोंग आणि लांब ते क्लेवांग. मूठ पाहिली की प्रकार कळतो. मुठीच्या टोकाला गोल वाटी असेल तर तलवार हिंदुस्थानातून आलेली. आणि आचेच्या डोंगराळ भागातल्या गायो लोकांचे अमानरेमू म्हणजे तीच तलवार, जरा वाकडी.

क्लेवांगपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. हा शब्द इंडोनेशियाच्या बेटांवर नाना प्रकारच्या एकधारी तलवारींना लावला जातो, आणि डच अंमलदारांनी तर तो सरसकट वापरला. आचेवर डचांची स्वारी झाली १८७३ मध्ये. युद्ध हटेना, तेव्हा १८९० मध्ये त्यांनी जंगलात छोट्या तुकड्यांनी लढणारे ‘मारेशोसे’ नावाचे दल उभारले. त्याचे जवळून लढायचे हत्यार म्हणजे क्लेवांग, आणि पुढे १८९८ च्या नमुन्याची जी क्लेवांग निघाली ती कारखान्यात बनलेली, हाताचा पंजा झाकणाऱ्या लोखंडी पत्र्याची. अमेरिकी नौदलाची १९१७ ची आखूड तलवारही याच नमुन्यावर बेतलेली. फोटोत असा लोखंडी पत्रा दिसला की समजावे, हे आचेच्या योद्ध्याचे नव्हे, त्याच्यावर चालून आलेल्या फौजेचे हत्यार आहे. तरी त्याखाली ‘आचेची पारंपरिक तलवार’ असे लिहून लोक मोकळे होतात!

मग आचेची खरी लांब हत्यारे कोणती? मुख्यतः दोन: सिकिन पांजांग आणि पुदेंग. सिकिनचे पाते सरळ, एकधारी, पाठ आणि धार जवळजवळ समांतर जाणाऱ्या, आणि मुठीपाशी बोटे झाकणारे काहीही नाही. पुदेंग साधारणपणे बाकदार पात्याची. आता ‘मुठीवरून ओळखा’ हा सल्ला इथे कसा फसतो ते पाहा. जबडा उघडल्यासारखी, टोकाशी दुभंगलेली शिंगाची मूठ सिकिनला असते, तशीच ती पुदेंगच्या एका प्रकारालाही असते. मुठीचाच फोटो जवळून काढला असेल तर दोन्ही सारख्याच वाटतील. शिवाय शिंग तडकते, मूठ बदलली जाते, पाते मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून आधी पात्याच्या पाठीला सरळ पट्टी लावून पाहावी. मुठीकडे नंतर वळावे, आणि तेही जपून.

वाटीच्या मुठीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण आपल्याकडचे वाचक इथेच हुरळून जातात. सपाट गोल वाटी, बोटांवरून वळून येणारी पट्टी: ही ठेवण हिंदुस्थानी तलवारीची, यात वाद नाही. गुजरातच्या बंदरांचा आचेशी जुना व्यापार होता. सुरतेजवळच्या रांदेरचे नूरुद्दीन रानिरी १६३७ मध्ये आचेच्या सुलतानाच्या दरबारात विद्वान म्हणून पोहोचले ते याच संबंधांतून. पण आचेत ही ठेवण इतकी रुजली की तशी मूठ ही पुदेंगच्या एका प्रकाराची नेहमीची मूठ ठरली. अनेकदा पातेही बाहेरचे असते, कधी हिंदुस्थानी तर कधी युरोपी. त्यामुळे तलवार परकी होत नाही. आपल्या फिरंगी तलवारीचे पाते युरोपातून आलेले असायचे, म्हणून तिला मराठ्यांच्या शस्त्रांतून कोणी वगळत नाही. तोच न्याय आचेलाही लावावा.

अमानरेमूला ‘तीच तलवार, जरा वाकडी’ म्हणणाऱ्यांनी पाते नीट पाहिलेलेच नसते. ते मुठीपाशी अरुंद असते आणि टोकाकडे रुंद होत जाते. वजन पुढे येते, वार तोडण्याचा बसतो. सिकिनच्या समांतर पात्यात हे नाही. आणि हे किनाऱ्यावरचे हत्यारही नव्हे. ते लुत तावार सरोवराभोवतीच्या गायो आणि त्यांच्या दक्षिणेकडच्या आलास लोकांचे, डोंगराळ मुलुखातले. गायोंची भाषा आचेनीपेक्षा निराळी, तिचे नाते बाटक भाषांशी. फान डालेनची डच फौज या मुलुखात घुसली ती १९०४ मध्ये, म्हणजे किनाऱ्यावर युद्ध सुरू होऊन तीस वर्षे उलटल्यावर. तिथल्या हत्यारांना आचेच्या खात्यात टाकायला हरकत नाही, प्रांत एकच आहे. पण प्रकार वेगळा लिहावा.

राहिले रेन्चोंग. तो खंजीर आहे, तलवार नव्हे, आणि त्याच्या आकारात ‘बिस्मिल्ला’ची अक्षरे दडलेली आहेत असे आचेत मानतात. श्रद्धा म्हणून ठीक, ओळखायला तिचा उपयोग नाही. आणि ‘आखूड ते रेन्चोंग’ हेही खरे नाही: सरदार-दरकदारांच्या कमरेला असणारा, सोन्याने मढवलेला सिवाइह दिसायला रेन्चोंगसारखाच, पण वेगळ्या नावाचा आणि वेगळ्या मानाचा.