कस्टमर सेज : एसी नॉइज

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, भर काउंटरवर, मागे सहा जण ताटकळत असताना, तोंडाने 'फर्रर्र… टक, फर्रर्र… टक' करून दाखवायचं आणि समोरच्या टायवाल्या पोराने टॅबवर काय लिहावं? 'एसी नॉइज'. बस्स. अरे, मी दोनदा आवाज काढला! पंखा एकवर असला की टक-टक सावकाश, तीनवर टाकला की भराभर, एसीचं बटण बंद करून नुसता पंखा ठेवला तरी चालूच. म्हणजे कॉम्प्रेसरचा संबंध नाही, पंख्यातच काहीतरी अडकलंय, हे माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यालाही कळतं. पोराचा प्रश्न : "सर, कूलिंग बरोबर आहे ना?"

वासाचंही तेच. सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं कुबट, पावसाळ्यात दोन दिवस दोरीवर न वाळलेल्या टॉवेलसारखा, मग कमी होतो, असं मी चवीने सांगितलं. टॅबवर 'स्मेल'. पुढे टिकमार्क.

आणि गाडी त्यांच्या हातात गेली की आवाज बंद. अर्थातच! घरी दंगा घालणारं कार्टं पाहुण्यांसमोर कसं शहाण्यासारखं बसतं, तशी. तीन तास मशीनची पांचट कॉफी पीत बसलो. मग कागद आला : कूलिंग कॉइल बदलणे, त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवणे, ब्लोअर, म्हणजे तो पंखा, नवा, गॅस नवा. 27,400 अधिक जीएसटी.

म्हटलं, ग्लोव्ह बॉक्स काढून पंख्यात डोकावलात का?

"सर, ते इन्स्पेक्शनमध्ये येतं."

मग तीन तास काय चाललं होतं?

"प्री-इन्स्पेक्शन, सर."

त्या प्री-इन्स्पेक्शनचे 1,000, वर 18 टक्के. म्हणजे काहीही न बघण्याचे 1,180 रुपये. मी भरले. भांडलो आणि भरले. चावी त्यांच्याकडे होती.

आणि एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा बसलेला कुणी पाहिलाय? माझ्या आधीच्या गाडीचा एकदाच उतरवला होता. त्यानंतर विकेपर्यंत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या प्रत्येक खड्ड्याला ती जुन्या पलंगासारखी कुरकुरायची.

गॅसचं तर नावच काढू नका. थंड होत नाही? गॅस. आवाज येतो? गॅस. वास येतो? "गॅस कम है, साहब." अहो, तो काय पेट्रोलसारखा जळतो? बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती शोधा की! ती कोण शोधणार, मग पुढच्या उन्हाळ्यात आम्ही परत कसे येणार? गेल्या वर्षी एकाने वासावर फेसाचा डबा मारला, 1,500 घेतले. चार दिवस लिंबाचा वास. पाचव्या दिवशी लिंबाच्या बागेत घूस मेल्याचा.

मुंबईत वासाचं निदान करायचं म्हणजे आधीच कर्मकठीण. माहीमच्या खाडीपाशी आलो की बायको विचारते, "हा आपला की बाहेरचा?" मग मी हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबतो आणि दोघंही कुत्र्यासारखे हुंगत बसतो. थोड्या वेळात गेला तर खाडीचा, राहिला तर आमचा. मेव्हण्याचा सल्ला : कापराची पुडी ठेवा. ठेवली. आता गाडीत बसलं की कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखं वाटतं. आणि वॉचमन रोज हाक मारतो, "साहेब, गाडी गळतेय!" अरे बाबा, एसीचं पाणी आहे ते, पडू दे. ज्या दिवशी खाली पडायचं बंद होईल त्या दिवशी आत येईल, बाजूला बसणाऱ्याच्या पायाखाली. आमच्या आईचा काठाचा झंपर तिथेच ठेवलेल्या पिशवीत भिजलाय, तो विषय घरात अजून मिटलेला नाही.

शेवटी रविवारी कुर्ल्याला एका टपरीएवढ्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या चाचांनी माझा 'फर्रर्र-टक' पूर्ण ऐकून घेतला, डोळे मिटून, आलाप ऐकावा तसा. मग ग्लोव्ह बॉक्स दाबून खाली पाडला, तीन स्क्रू काढले, पंखा हातात. त्याच्या पात्यांत पिंपळाचं पान. लांब शेपटीचं, देठासकट. दरेक फेरीला ती शेपटी कडेला लागत होती : टक. फिल्टर काढला तर त्यातही पानांचा काळा चिखल. कुबट वास तिथून सुटला तो थेट माझ्या नाकात.

"गाडी कहाँ लगाते हो, साहब?"

इथे मी जरा गप्प झालो. कारण पिंपळाखालची ती जागा मी सोसायटीच्या दोन वार्षिक सभांत घसा फोडून मिळवलीय. 'सावली' या एकाच मुद्द्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांशी त्या दिवसापासून बोलणं बंद आहे. बोनेट आणि काचेच्या मधल्या जाळीत पानं साचतात, तिथून आत पंख्यात जातात, ती झटकत जा, असं त्यांनीच मला त्या सभेत सुनावलं होतं. मी त्यांना 'विषयांतर करू नका' म्हणालो होतो. इतिवृत्तात आहे.

चाचांनी पंखा फुंकला, नवा फिल्टर घातला, मजुरीचे 200 घेतले. आणि म्हणाले, घरी पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवा, आतली कॉइल सुकते, वास धरत नाही. इतकी वर्षं हे मला एकाही टायवाल्याने सांगितलं नाही. फिल्टरच्या खोक्यावर कुठे छापत का नाहीत?

आज पार्किंगमध्ये उभा राहून, जाळीतली पानं एकेक वेचत असताना (वरून काका बघत होते, मला माहितीये), सर्व्हिस सेंटरचा फोन आला. "सर, आपल्या भेटीला दहापैकी किती गुण द्याल? दहा दिलेत तर बरं होईल." म्हटलं, बाई, आधी आवाज कसा होता ते ऐका. आणि परत काढला, 'फर्रर्र… टक, फर्रर्र… टक.'

"सर, तुमचा आवाज नीट येत नाहीये."